मागच्या सस्पेन्शनचे बुश: घरी बदलताना ठेवलेल्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी

गतिरोधकावरून मागची चाकं उतरली की डावीकडून 'ठक' असा एकच आवाज येतो. महिनाभर ऐकतेय. आज त्याचा माग काढायला बसले. आधी डिकी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, पाने, सगळं बाहेर. आवाज तसाच. सायलेन्सर ज्या रबरांवर टांगलेला असतो ती हलवून पाहिली, धड आहेत. स्प्रिंगचं एकही वेटोळं तुटलेलं नाही. शॉकअब्झॉर्बर कोरडे आहेत, तेल ओघळलेलं नाही. ते वर जिथे बॉडीला जोडलेले असतात त्या माउंटिंगवर दादाने हात ठेवला आणि मी गाडी मागून दाबून सोडली, तर तिथेही काही जाणवलं नाही.

मग हँडब्रेकची परीक्षा. मोकळ्या जागेत गाडी चालण्याच्या वेगाने मागे घेतली आणि हँडब्रेक ओढला. ठक. पुढे घेऊन ओढला. पुन्हा ठक. दादा बाहेर वाकून ऐकत होता.

"अगं, आवाज चाकापाशी नाहीये. चाकाच्या पुढे आहे, दाराखाली."

माझ्या गाडीत मागच्या दाराखालीच एक्सल बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं धरणारा सांगाडा, बॉडीला जोडलेला आहे. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो आणि त्याची सगळी ओढ चाक धरणाऱ्या आर्ममधून पुढे बुशावर, म्हणजे आर्म आणि बॉडी यांच्या सांध्यातल्या रबरी तुकड्यावर, येते. बुश सैल असेल तर आर्म तेवढ्या फटीत सरकून आदळतो. खड्ड्यापेक्षा ही परीक्षा मला जास्त पटते, कारण खड्ड्यात एकाच वेळी दहा वस्तू हलतात आणि इथे एकच.

मागची रचना ट्विस्ट बीमची आहे. दोन्ही चाकांचे आर्म एका आडव्या, पिळल्या जाणाऱ्या तुळईने जोडलेले असतात. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फपासून छोट्या गाड्यांमध्ये ही रचना पसरली. अख्खा एक्सल बॉडीला दोनच जागी, म्हणजे दोन बुशांवर जोडलेला असतो. बाकी स्प्रिंग आणि शॉकअब्झॉर्बर. चाकं सरळ रेषेत ठेवायचं काम त्या दोन रबरांचं.

मला खरी बोच वेगळीच आहे. कारखान्यातून आलेले बुश १ लाख १० हजार किलोमीटर चालले. दोन वर्षांपूर्वी ते एका गॅरेजमध्ये बदलून घेतले, आणि नवे २४ हजारांतच गेले. असं का झालं ते कळल्याशिवाय तिसरी जोडी बसवण्यात अर्थ नाही.

रविवार, ५ जानेवारी

गाडी सपाट फरशीवर, रिकामी. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. डावीकडे ३७२ मिलिमीटर, उजवीकडे ३७६. टायरांची हवा सारखी आहे, फरशीला उतार नाही. तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं. चार मिलिमीटरचा फरक का, ते कळलं नाही. लिहून ठेवते.

गाडी उचलण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांना पुढूनमागून ठोकळे लावले आणि पहिला गिअर टाकला. मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेक गाडीला धरत नाही, हे पहिल्यांदा काम करताना सहज विसरायला होतं. मग बॉडीच्या ठरलेल्या जागी दोन स्टँड, आणि काढलेली चाकं आडवी करून गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्याखाली सरकवली. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली मी डोकं घालत नाही, एका मिनिटासाठीसुद्धा.

आर्म आणि बॉडीवरच्या ब्रॅकेटच्या मध्ये पहार घालून रेटा दिला. डावीकडचा आर्म पुढेमागे सात-आठ मिलिमीटर सरकला आणि आतली नळी उघडी पडली. रबर नळीपासून जवळजवळ पूर्ण फाटलंय. उजवीकडचा बुश तग धरून आहे, पण रबराला एका बाजूने लांब चीर गेली आहे.

ही चीर मी टॉर्च लावून बराच वेळ पाहिली. म्हातारं झालेलं रबर सगळीकडून तडकतं, जाळी पडल्यासारखं. इथे तसं नाही. रबर अजून मऊ आहे, काळं आहे, आणि चीर एकाच दिशेला तिरकी गेली आहे. हे रबर वयाने गेलेलं नाही. पिळून फाटलंय.

बुश म्हणजे तीन थर. बाहेर लोखंडी कडं, आत जाड नळी, मध्ये रबर. आणि रबर दोन्हीकडे पक्कं चिकटवलेलं. नळीतून जाणारा बोल्ट आवळला की नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये चिमटली जाते आणि जागची हलत नाही. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीच घासत नाही, फिरत नाही. फक्त रबर पिळलं जातं आणि परत येतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही. आणि म्हणूनच बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात असेल, तो त्या रबराचा कायमचा शून्य ठरतो.

लोंबत्या स्थितीत मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर ४६२ भरलं. म्हणजे उभ्या गाडीपेक्षा ९० मिलिमीटर खाली. बुशाच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंत आर्म ४०० मिलिमीटर आहे. ९० भागिले ४००, कोन आला १३ अंश. कोणी चाकं लोंबती ठेवून बोल्ट आवळला असेल, तर गाडी जमिनीवर टेकताच रबर १३ अंश पिळलेलं असणार, अगदी उभी असतानाही. वर खड्ड्यात चाक ७० मिलिमीटर वर गेलं की आणखी १० अंश. मग २४ हजार किलोमीटरचं नवल वाटायला नको. पण हा अजून संशयच आहे. उजवीकडचं रबर नळीला धरून आहे तोवर तो तपासता येईल.

मंगळवार, ७ जानेवारी

बुश, बोल्ट, नट मागवले. बोल्ट नवेच हवेत, कारण ते आधी टॉर्कने, म्हणजे पान्याला ठरलेला पिळाचा जोर देऊन, आणि मग ठरावीक कोन फिरवून आवळायचे आहेत. अशा आवळणीत बोल्ट ताणला जातो.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, यावर दादाशी बराच वेळ बोलणं झालं. ते टिकतात, तेलाने फुगत नाहीत. पण या जागी मला ते नको आहेत. एकाच अक्षावर हलणाऱ्या आर्मला ते शोभतात. ट्विस्ट बीमचा बुश मात्र तीन कामं करतो: वरखाली होताना पिळला जातो, एक चाक वर आणि दुसरं खाली असताना तिरका होतो, आणि रस्त्याचा धक्का पुढेमागे सरकून पचवतो. त्यासाठीच रबरात समोरासमोर दोन पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या पोकळ्या भरून टाकून कडक प्लास्टिक बसवलं, तर तो धक्का थेट बॉडीत जाणार. रबरच बसवणार.

बुश ओढून काढायचं आणि बसवायचं साधन, म्हणजे ओढणी, दादा लेथवर बनवून देतोय. त्याची उमर लेथवर गेली आहे. मी मापं सांगायच्या आधीच त्याने व्हर्नियर मागितला. जुना बुश ज्यात उतरेल ती वाटी आतून ७४ मिलिमीटर, खोली ७०. ढकलायची चकती ६८.४, म्हणजे हाउसिंगच्या, आर्ममध्ये बुश जिथे बसतो त्या घराच्या, भोकातून अडचण न होता जाईल आणि तरी बुशाच्या बाहेरच्या कड्यावरच टेकेल. मधून आट्यांचा रॉड, दोन्हीकडे जाड वॉशर आणि नट.

शुक्रवार, १० जानेवारी

दोन्ही बोल्टांना गंज सोडवणारं तेल मारलं, तिसरा दिवस. डावीकडच्या बोल्टाचं लक्षण ठीक दिसत नाही.

शनिवार, ११ जानेवारी

आज संशय फिटला.

परीक्षा गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच घ्यायला हवी होती. मागची चाकं लाकडी रॅम्पवर चढवली, पुढे ठोकळे, मग गाडी मागून चार-पाच वेळा दाबून सोडली म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. खाली सरकून उजव्या बुशाच्या आतल्या नळीच्या कडेवर आणि ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. नळीची कड जेमतेम दिसते, पण दिसते. मग नट सोडवायला घेतला. दीड फेऱ्यानंतर आतून 'टक' झालं आणि रेघ तुटली. नळी बोल्टावर फिरली, आर्म वर जाताना ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला.

दोन तुकड्यांमध्ये अडीच मिलिमीटरचं अंतर होतं. नळीचा व्यास २४. हिशेब १२ अंशांवर येतो. लोंबत्या चाकाचा कोन १३. उरलेला एक अंश रबराने दोन वर्षांत सोडून दिला असावा.

म्हणजे गाडी लिफ्टवर होती, चाकं खाली लोंबत होती, आणि त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळले गेले. मला वाईट वाटलं, कारण त्यासाठी वेगळं अवजार लागत नाही, वेगळा भाग लागत नाही. शेवटचे दोन फेरे गाडी खाली घेऊन द्यायचे, एवढंच. दादा काही बोलला नाही. त्याने टॉर्च धरून ती तुटलेली रेघ पाहिली आणि फोटो काढून ठेव म्हणाला.

डावीकडे हीच परीक्षा घेऊन पाहिली. काही हललं नाही. रबरच फाटलेलं आहे, पीळ धरून ठेवायला तिथे काही उरलेलं नाही.

दुपारी गाडी पुन्हा स्टँडवर. आधी उजवी बाजू, डावा बुश जागीच ठेवून. दोन्ही एकदम सोडले तर अख्खा एक्सल जागचा हलतो आणि परत ओळीत आणायला जीव जातो. हँडब्रेकच्या केबलची पट्टी सोडली, ब्रेकच्या होजची आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) तारेची क्लिप मोकळी केली. आर्मचं पुढचं टोक खाली येताना या तिन्हींना ताण बसता कामा नये. बोल्ट हाताने निघाला. आर्म पहारीने खाली ओढून त्याच्या आणि बॉडीच्या मध्ये सागाचा ठोकळा पाचरीसारखा अडकवला. पहारीचं वजन दादाच्या हातात, ठोकळा माझ्या. या क्षणी बोटं मध्ये असू नयेत. आर्म सुटला तर स्प्रिंगसारखा वर येतो.

जुना बुश काढण्याआधी तो हाउसिंगच्या बाहेर किती आलाय ते मोजलं, ८ मिलिमीटर. पोकळ्यांची दिशा आर्मवर पंचने ठोकून ठेवली आणि पुस्तिकेतल्या चित्राशी पडताळली. जुळली. हे पडताळणं सोडू नये. आधीच्या माणसाने चुकीच्या दिशेने बसवला असेल तर जुन्या बुशाची खूण ती चूकच पुढे नेते. इथे ते काम नीट झालं होतं, तेही लिहायला हवं.

ओढणी लावली. नट फिरवत गेले, बुश हलेना. पाना लांब केला. एका फेऱ्यावर एकदम सैल वाटलं, आनंद झाला, पण हलला होता तो रॉड. नटाखालचे आटे सपाट झाले होते.

चूक माझी. घरात होता तो एम १२ चा, म्हणजे १२ मिलिमीटर जाड, साधा ४.८ दर्जाचा रॉड मी वापरला; हा दर्जा पोलादाच्या ताकदीचा. त्याचं ताण घेणारं क्षेत्रफळ ८४ चौरस मिलिमीटर. कायमचा न ताणला जाता तो अडीच टनांच्या आसपासच ओढ सोसतो. तीन दशांश मिलिमीटर घट्ट बसलेला आणि गंजाने धरलेला बुश त्याला दाद देणार नव्हता. एम १४ चा, १०.९ दर्जाचा रॉड साडेनऊ टनांपर्यंत जातो. तोच आधी आणायला हवा होता.

बुश अर्धा इंचसुद्धा बाहेर नाही. ठोकळा काढला, आर्म वर घेऊन बोल्ट नुसता अडकवून ठेवला. गाडी आठवडाभर स्टँडवर राहील.

बुधवार, १५ जानेवारी

नवा रॉड आला, लांब नट आले. सोबत नटाखाली दाब घेत फिरणारं ५११०२ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग घेतलं, १५ मिलिमीटर भोकाचं. एम १४ रॉडवर सैलसर बसतं. नट वॉशरवर घासत फिरला की निम्मं बळ घर्षणातच जातं. आट्यांना मॉलिब्डेनमचं ग्रीस.

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी नऊला ओढणी लावली. तिसऱ्या फेऱ्याला बंदुकीसारखा आवाज झाला. दोघेही मागे सरकलो. मग कळलं की गंजाची पकड सुटली होती. पुढे प्रत्येक फेऱ्याला २ मिलिमीटर, तक्रार न करता. बुश वाटीत आला. दोन वर्षांपूर्वीचा आहे, पण बाहेरच्या कड्यावर गंजाची खपली जाड.

काही जण रबर जाळून काढतात. ते मी करणार नाही. धूर विषारी असतो, वर पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची होज हातभर अंतरावर. बुश ओढणीने निघालाच नसता तर रबरात ड्रिलने भोकं पाडून गाभा काढायचा आणि कड्याला आतून हॅकसॉने चीर द्यायची, हा दुसरा मार्ग ठरवून ठेवला होता. त्यात एकच सांभाळायचं: करवत कड्यापाशी थांबली पाहिजे, हाउसिंगमध्ये शिरता कामा नये.

हाउसिंग पॉलिश पेपरने घासून लखलखीत केलं. कानस लावली नाही. नव्या बुशाचा व्यास ६९.३, हाउसिंगचं भोक ६९.०.

रात्रभर बुश फ्रीझरमध्ये ठेवला होता. पुष्कळ जण असं करतात म्हणून केलं, पण हिशेब मांडल्यावर त्याचा फार भरवसा वाटत नाही. पोलाद दर अंशाला लाखात एक-सव्वा भाग आकसतं. तीस अंशांवरून उणे अठरावर नेलं, तर ६९ मिलिमीटरचा बुश ०.०४ मिलिमीटर लहान होतो. घट्टपणा ०.३ चा. सातवा हिस्सासुद्धा नाही. शिवाय तो बाहेर काढून ओढणी लावेपर्यंत त्यावर दव धरलं, ते पुसण्यात वेळ गेला. डाव्या बाजूला हे करणार नाही.

पहिल्या प्रयत्नात बुश तिरका शिरला. वरची कड चार मिलिमीटर आत, खालची एकच. मी म्हटलं, थोडं आणखी ओढलं तर सरळ होईल. दादाने माझ्या हातातला पाना धरला.

"नाही होणार. आता थांबलीस तर बुश वाचेल, आणखी दोन फेरे दिलेस तर हाउसिंग जाईल."

उलटा ओढून काढला. कड्याला एका जागी ओरखडा, हाउसिंग सुदैवाने साफ. कारण शोधलं तर सापडलं: वॉशरचं भोक १६, रॉड १४, त्यामुळे चकती रॉडवर एक मिलिमीटर बाजूला सरकली होती आणि ओढ मध्यातून जात नव्हती. दादाने वॉशरऐवजी रॉडवर नेमकी बसणारी पायरीची बुशिंग कातून आणली. दोन तास गेले. साबणाचं दाट पाणी लावलं, तेल नाही. रबर तेलाने फुगतं आणि साबण सुकून जातो. पोकळ्यांच्या खुणा जुळवल्या. पहिले तीन फेरे अर्धे-अर्धे दिले आणि प्रत्येक वेळी चारही बाजूंनी खोली मोजली. सरळ जातोय याची खात्री झाल्यावर हात चालू दिला. ३० फेऱ्यांपैकी शेवटचे सगळ्यांत जड. ८ मिलिमीटर बाहेर राहिल्यावर थांबले.

चकती बाहेरच्या कड्यावरच टेकली पाहिजे, रबरावर किंवा नळीवर अजिबात नाही. नळीवर दाब दिला तर चिकटवलेलं रबर बसवतानाच सुटतं, आणि ते वरून दिसतसुद्धा नाही.

आर्म वर घेतला, नवा बोल्ट घातला, नट फक्त हाताने. आवळला नाही. नटावर लाल चिंधी बांधली आहे, म्हणजे विसरून गाडी कोणी खाली घेणार नाही.

रविवार, १९ जानेवारी

डावी बाजू. नट सुटला, बोल्ट नाही. पाना लावला तर बोल्टाबरोबर नळीही फिरते. गंजाने दोघं एक झालेत, आणि फाटलेलं रबर तिला अडवत नाही. तेल, हातोडी, पुन्हा तेल. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग कापायचं ठरवलं.

दोन कान किंचित फाकवून, छिन्नीची पाचर मारून नळी आणि कान यांच्यात करवतीचं पातं जाईल एवढी फट केली. हॅकसॉची चौकट तिथे मावत नाही, म्हणून नुसत्या पात्याच्या एका टोकाला जाड कापड गुंडाळून हाताने ओढलं. बायमेटल पातं, इंचाला २४ दात. असा बोल्ट कडक पोलादाचा असतो, घाई केली की दात जातात. सावकाश, पूर्ण लांबीचे हात, मध्येमध्ये तेलाचा थेंब. एक बाजू सव्वा तास. दुसरीकडेही कापावंच लागतं, नाहीतर उरलेला तुकडा कानात अडकून आर्म खाली येत नाही. आळीपाळीने केलं. पाच पाती संपली.

शेवटचा धागा तुटला तेव्हा आर्म अलगद खाली आला. ब्रॅकेटच्या कानांवर पात्याची खूण फार खोल नाही. कानशीने कडा मारून जस्ताचा प्रायमर लावला. कान पुन्हा समांतर आहेत ना ते व्हर्नियरने पाहिलं, नवी नळी मध्ये ठेवून. ठीक.

बुश ओढायला आज त्राण नाही. हात थरथरत असताना रॉडवर टनांची ओढ देऊ नये.

शनिवार, २५ जानेवारी

डावा बुश निघाला आणि नवा बसला, दोन्ही मिळून पन्नास मिनिटांत. मागच्या शनिवारी शिकलेलं सगळं कामी आलं. थ्रस्ट बेअरिंग उघडून पाहिलं तर रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्यावर, गोळ्यांचे बारीक खड्डे पडलेत. त्याचं काम झालं.

आता आवळणी. यासाठीच हा सगळा खटाटोप.

गाडी स्टँडवर असताना आर्मखाली जॅक लावून उंची साधावी, असं आधी मनात होतं. नीट विचार केल्यावर सोडून दिलं. चाक त्याच्या नेहमीच्या उंचीला आणायचं म्हणजे त्या कोपऱ्याचं सगळं वजन जॅकने उचलायचं. तोपर्यंत बॉडी स्टँडवर नुसती टेकलेली किंवा सुटलेली असते, आणि मी खाली पाना ओढत असते. त्यापेक्षा चाकं लावली, बोल्ट हाताने घट्ट असताना गाडी खाली घेतली, आणि अगदी सावकाश मागे घेत रॅम्पवर चढवली. ठोकळे लावले. मागून दाबून सोडली, सात-आठ वेळा.

मग अंतर मोजलं. डावीकडे ३७२. उजवीकडे ३७२.

मी फूटपट्टी पुसून पुन्हा मोजलं. ५ तारखेला उजवीकडे ३७६ होतं. तेव्हाचे ते चार मिलिमीटर कुठून आले होते ते आता कळलं. उजवा बुश १२ अंश पिळलेला होता आणि ते रबर आर्मला सतत खाली दाबत होतं, म्हणजे बॉडीला वर उचलत होतं, जोडीच्या स्प्रिंगसारखं. डावीकडे रबर फाटल्यामुळे तो पीळ गेला होता, म्हणून तिकडची उंची खरी होती. गाडीने पहिल्याच मोजणीत उत्तर दिलं होतं.

दादाला हाक मारून दाखवलं. त्याने स्वतः मोजलं, मग म्हणाला, "तेव्हाच ३७६ ला खरं मानून आवळला असतास तर?" चार मिलिमीटरने अर्धा अंश चुकला असता, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण खरी उंची मोजायची तर जुने बोल्ट सैल करून, गाडी दाबून, मगच मोजावी. पुढच्या वेळी तसंच करेन.

दोन्ही बोल्ट आधी टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत, मग खुणेचा कोन. आकडा मुद्दाम लिहीत नाही; गाडीगणिक तो बदलतो आणि दुसऱ्याच्या नोंदीतून उचललेला टॉर्क मी स्वतःही वापरणार नाही. आवळून झाल्यावर नळी आणि ब्रॅकेटवर पुन्हा पांढरी रेघ ओढली, दोन्हीकडे. होज, तार, केबल आपापल्या क्लिपांत परत. लाल चिंधी काढली.

रविवार, २६ जानेवारी

चाकांचे बोल्ट टॉर्कवर तपासून गाडी बाहेर काढली. आधी हँडब्रेकची परीक्षा, मागे आणि पुढे. काही नाही. मग गतिरोधक, मग तुटकी डांबरी कड, एक चाक वर एक खाली. काही नाही.

आवाजापेक्षा मोठा फरक लेन बदलताना जाणवला. स्टीअरिंग वळवल्यावर मागचा भाग क्षणभर थांबून मग यायचा, जणू त्याला नंतर कळवलंय. गेले कित्येक महिने मी नकळत स्टीअरिंग दोनदा द्यायची. आज पहिल्याच हालचालीत गाडी अख्खी वळली.

चाकांची दिशा मशीनवर तपासून घेतली. मागे जुळवाजुळवीची सोय नाही, पण एक्सल तिरका बसलेला नाही याची खात्री हवी होती. मागच्या दोन्ही आकड्यांत समतोल आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

६०० किलोमीटर झाले. गाडी रॅम्पवर चढवून खाली गेले. दोन्ही रेघा अखंड. रबरावर चीर नाही, पोकळ्या दोन्हीकडे सारख्या उघड्या. डावीकडे ३७१, उजवीकडे ३७१. नवं रबर एक मिलिमीटर बसलं असावं.

जुना उजवा बुश मी टाकला नाही. नळीवरची ती तुटलेली पांढरी रेघ अजून त्यावर आहे. बोल्टाचे दोन तुकडे, वाटी, चकती आणि तो बुश एकाच डब्यात ठेवलेत. दादाच्या गाडीचा आवाज परवापासून सुरू झालाय, पुढच्या शनिवारी तिची उंची मोजायची आहे.